भांडी घासल्याचेही छापा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

परदेशी शिक्षणावरची आपली विशेष पुरवणी गेल्या रविवारी आमच्या घरी दोनदा वाचली गेली. एकदा वडिलांनी मोठ्याने आणि एकदा मी मनात. पुरवणीत चौदा मुलामुलींची छायाचित्रे होती आणि प्रत्येकाच्या खाली विद्यापीठाचे नाव, अभ्यासक्रम, मिळालेली नोकरी आणि दोघांच्या बाबतीत तर वार्षिक पगाराचा आकडाही होता. परदेशात राहून तुमचे व्यक्तिमत्त्व कसे घडले, हा प्रश्न प्रत्येकाला विचारलेला होता, आणि उत्तरांत आत्मविश्वास, वेळेचे नियोजन, नव्या संस्कृतीची ओळख हे शब्द इतक्यांदा आले होते की वडील पुढचे उत्तर न बघताच सांगू लागले. चौदांपैकी एकाच्याही मजकुरात त्याने तिकडे पोटासाठी काय काम केले याचा उल्लेख नाही. मी स्वतः जर्मनीत तीन वर्षे काढून आले आहे, आणि या चौदांपैकी निदान आठ-दहा जणांनी कुठेतरी भांडी घासली असतील, गोदामात खोकी उचलली असतील किंवा रात्री खाणावळीची फरशी पुसली असेल, अशी पैज लावायला मी तयार आहे. त्यांनी ते सांगितले नसेल किंवा आपण ते छापले नसेल. माझे म्हणणे एवढेच, की माणसात जो काही बदल होतो तो बहुतेक त्या कामातच होतो, आणि आपण नेमके तेच झाकून ठेवतो.

मी बडोद्यातल्या दांडिया बाजारातली. कलाभवनातून केमिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली (विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेला आम्ही बडोदेकर अजूनही कलाभवनच म्हणतो, सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या संस्थेचे ते नाव आहे) आणि २०१८ च्या सप्टेंबरअखेरीस पुढच्या शिक्षणासाठी माग्डेबुर्गला गेले. एल्बे नदीकाठचे हे शहर आपल्या वाचकांपैकी अनेकांना शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातून ठाऊक असेल. तांब्याचे दोन अर्धगोल जोडून त्यांतली हवा काढून टाकली की घोड्यांनाही ते ओढून वेगळे करता येत नाहीत, हा प्रयोग करणारा ऑटो फॉन गेरिके तिथलाच. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते, म्हणून आम्ही तो देश निवडला होता. तरीही राहण्याच्या खर्चाचे वर्षभराचे पैसे आधीच एका गोठवलेल्या खात्यात भरून दाखवावे लागतात. त्या वर्षी ती रक्कम ८,६४० युरो, म्हणजे सात लाख रुपयांच्या घरात होती, आणि त्यातून महिन्याला ७२० युरोच काढता येत. दोन वर्षांचा हिशेब करून वडिलांनी दहा लाखांचे कर्ज काढले. सरकारी बँकेत तेव्हा साडेसात लाखांच्या वर तारण लागत असे, त्यामुळे आजोबांच्या नावचे घर तारण गेले.

मी शनिवारी रात्री पोहोचले. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि रविवारी तिथे दुकाने बंद असतात, हे मला कोणी सांगितले नव्हते. खरे म्हणजे मीच कोणाला विचारले नव्हते. त्या दिवशी मी बडोद्याहून नेलेला लीलो चेवडो सकाळी, दुपारी आणि रात्री खाल्ला आणि नळाचे पाणी प्यायले. आईला फोनवर सांगितले की जेवण छान मिळाले. तीन वर्षांत मी घरी सांगितलेल्या खोट्या गोष्टींपैकी ही पहिली. पुढच्या सगळ्याच माझ्या नव्हत्या.

भाडे २६०, आरोग्य विमा नव्वदच्या आसपास, मग फोन, खाणेपिणे, पुस्तके, आणि थंडीचा कोट. ७२० युरो पुरत होते, पण कर्जाचा बोजा थोडा तरी हलका करावा, म्हणून मी दुसऱ्याच आठवड्यात काम शोधू लागले. पहिले काम आपल्याच देशातून जाऊन तिकडे स्थायिक झालेल्या एका गृहस्थांच्या किराणा दुकानात मिळाले. त्यांचे बोलणे अतिशय गोड. "घरचीच आहेस, हिशेब काय करायचा," असे ते म्हणाले आणि त्यांनी खरोखरच हिशेब केला नाही. दोन आठवड्यांच्या शेवटी मी ३४ तास पोती रचली होती. तासाला पाच युरो ठरले होते, म्हणजे १७० व्हायला हवे होते. मला १२० मिळाले आणि वर पाच किलोची बासमतीची पिशवी. त्या देशात त्या वेळी तासाला किमान ८ युरो ८४ सेंट मजुरी द्यावी, असा कायदा होता, आणि हे मला तांदूळ शिजवून खाऊन झाल्यावर एका सहाध्यायिनीने सांगितले. मला स्वतःचाच राग आला, कारण कलाभवनात चार वर्षे आकडेमोड शिकलेल्या मुलीने आपल्या श्रमाचा दर विचारला नव्हता. विचारणे वाईट दिसेल असे वाटले होते. आपल्याकडच्या बऱ्या घरांतल्या मुलींना पैशाचे बोलायचे नाही हे न शिकवताच येते.

दुसरे काम एका जर्मन खाणावळीच्या मोरीत मिळाले. त्याआधी आरोग्य खात्यात जाऊन तासभर बसावे लागले, कारण तिथे स्वयंपाकघरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला, भांडी घासणाऱ्यालासुद्धा, संसर्गाविषयीचे नियम समजावून घेऊन त्याचा दाखला घ्यावा लागतो. मोरीचा कारभार पोलंडहून आलेल्या पन्नाशीच्या एका बाईंकडे होता. त्यांनी मला काम शिकवले ते असे: ताटातले खरकटे आधी डब्यात खरवडायचे, डोक्यावर लोंबणाऱ्या फवाऱ्याने ताट धुवायचे, प्लास्टिकच्या चौकटीत उभे लावायचे, चौकट यंत्रात सरकवून वरचे झाकण खाली ओढायचे आणि दोन मिनिटांत पुढची चौकट भरून तयार ठेवायची. झाकण उचलले की वाफेचा लोट तोंडावर येई. ताटे इतकी गरम निघत की ती आपोआप सुकत, पण सुकेपर्यंत थांबायला सवड नसे, म्हणून बोटे भाजत असतानाच त्यांची चळत लावायची. काटे-चमचे वेगळे भिजवायचे. पेले शेवटी, नव्या पाण्यात. मोठी पातेली आणि करपलेल्या कढया यंत्रात जातच नसत. त्या हाताने घासायच्या, रात्री दहानंतर.

पहिल्या रात्री अकरा वाजता काम संपले, असे समजून मी एप्रन काढला आणि अगदी सहज विचारले, की फरशी कोण पुसते. बाईंनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिले, जणू माझ्यामागे आणखी कोणी उभे आहे, आणि पुसायचा दांडा माझ्या हातात दिला. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना प्रश्नच कळला नव्हता. मला तो प्रश्न उद्धटपणामुळे पडला नव्हता हे मी आजही सांगू शकते. तेवीस वर्षांत माझ्यासमोर अशी वेळच आली नव्हती, की मळकी फरशी आणि मी यांच्यामध्ये दुसरे कोणी नाही. आमच्या घरी भांडी-फरशीला मावशी येत, त्या माझ्या जन्माच्या आधीपासून येत. महिनाअखेर मिळालेल्या पावतीवर ३८ तास १५ मिनिटे, ३३८ युरो १३ सेंट, असे लिहिले होते. ती पंधरा मिनिटे मी कधी केली हे मला आठवत नव्हते, त्या बाईंना आठवत होते. कडक बोलणाऱ्या, कधीही 'घरचीच आहेस' न म्हणणाऱ्या त्या बाईंनी माझे पाव तास मोजले होते, हे माझ्या मनात फार खोल जाऊन बसले.

आता खोट्याविषयी. आईने "काय काम करतेस?" असे विचारल्यावर मी खरे ते सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बरं. पण इथे कोणाला सांगू नकोस, मी सांगते काय सांगायचं ते." तिने सांगितले की मी ग्रंथालयात काम करते. बडोद्यात हे खोटे अगदी चपखल बसले, कारण ग्रंथालय हा आमच्या शहराचा अभिमानाचा विषय. महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेतून आणून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे उभे करवले आणि खेड्यापाड्यांत फिरत्या पेट्यांतून पुस्तके पाठवली, हे आमच्याकडे लहान पोरही सांगते. त्यामुळे माझे ग्रंथालय नातेवाइकांत चांगलेच रुजले. एका चुलत काकांनी तर मी सुट्टीत आले असताना भर मांडवात मला गाठून तिकडची पुस्तकांच्या वर्गीकरणाची पद्धत विचारली. मी काटे-चमचे वेगळे आणि पेले वेगळे ठेवतात एवढेच सांगण्याच्या बेतात होते, पण आईचा चेहरा पाहिला आणि दशांश पद्धत असे काहीतरी पुटपुटून पंगतीत जाऊन बसले.

हे हसण्यावारी नेता येते, पण त्याचा परिणाम हसण्यासारखा नसतो. घरच्यांनी काम लपवले की मुलालाही ते लपवण्याजोगे वाटू लागते. पाठ दुखते, बोटांची सालपटे निघतात, पण घरी बोलता येत नाही, कारण ग्रंथालयात कोणाची बोटे भाजत नाहीत. मजुरी बुडाली तर तेही सांगता येत नाही. आमच्या वसतिगृहात आपल्याच राज्यातला एक मुलगा होता. तो परवानगीपेक्षा जास्त तास, रात्रपाळीत, गोदामात काम करत असे आणि घरी एका कंपनीत 'इंटर्नशिप' चालू आहे असे सांगत असे. तो दिवसा वर्गात झोपायचा. तिथे एका विषयात साधारण तीनदा नापास झाले की अभ्यासक्रमातूनच नाव कमी होते. त्याचे झाले. जाताना त्याने भात शिजवायचे भांडे मला दिले. कोणत्याही पुरवणीत त्याचे छायाचित्र येणार नाही हे ओघानेच आले. कष्टाने माणूस घडतोच, असे मी या पत्रात म्हणत आहे, असा कोणाचा समज होऊ नये. कष्टाने माणूस मोडतोही, आणि लपवलेल्या कष्टाने लवकर मोडतो.

म्हणून पालकांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी इथेच लिहिते, कारण अलकापुरी आणि फतेहगंजमधल्या परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांच्या पाट्यांवर त्या नसतात. आम्ही ज्या सल्लागाराकडे गेलो होतो त्याने "पार्ट-टाइममध्ये खर्च निघून जातो" असे हसत हसत सांगितले होते. किती तास काम करता येते हे प्रत्येक देशाने ठरवून दिलेले असते. जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. माझ्या वेळी ते १२० आणि २४० होते. कॅनडात सत्र चालू असताना आवाराबाहेर आठवड्याला २४ तास, हा नियम नोव्हेंबर २०२४ पासूनचा. ब्रिटनमध्ये पदवी पातळीच्या विद्यार्थ्याला सत्राच्या काळात आठवड्याला २०, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८, आणि अमेरिकेत सत्राच्या काळात २० तेही मुख्यतः विद्यापीठाच्या आवारातच. एवढ्या तासांत काटकसरीने राहणाऱ्याचे जेवण आणि भाड्याचा बराच भाग निघतो. जिथे शिक्षणशुल्क लाखांत आहे तिथे ते यातून निघत नाही, आणि ते निघेल, असे सांगणारा माणूस तुमच्या मुलाला त्या रात्रपाळीच्या गोदामात पाठवत असतो. सुरुवातीला दाखवायची रक्कमही वाढत चालली आहे. जर्मनीत ती सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो झाली, कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये १०,००० डॉलरवरून २०,६३५ वर नेली. मुलाला विमानात बसवण्याआधी तो तिकडे कोणते काम करणार, किती तास करणार आणि दर काय घेणार, हे जेवणाच्या टेबलावर मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे.

पुन्हा माझ्या विषयाकडे येते. मोरीबरोबरच दुसरी शाळा होती ती आमच्या सामायिक घराची. चौघींत एक स्वयंपाकघर, शीतकपाटावर साफसफाईचे वेळापत्रक. डिसेंबरमधल्या एका सकाळी जर्मन मैत्रीण माझ्या दारात येऊन म्हणाली, "तुझी कढई तीन दिवस सिंकमध्ये आहे." मी परीक्षेचे सांगू लागले, तर ती शांतपणे म्हणाली, "मला कारण नको आहे, कढई कधी हलेल ते सांग." मी खोलीत जाऊन रडले. आपल्याकडे अशी गोष्ट तिसऱ्याच्या कानावर घालतात, किंवा कढई स्वतः घासून आपटून ठेवतात. संध्याकाळी तिनेच मला चहा प्यायला बोलावले, जणू काही झालेच नव्हते, आणि खरोखरच काही झालेले नव्हते. कढईविषयी बोलणे झाले होते, माझ्याविषयी नव्हे. हा फरक कळायला मला वर्ष लागले. आज मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करताना, एखादा माल नापास करायचा असतो तेव्हा मला त्या कढईची आठवण होते. माल नापास, माणूस नव्हे, हे मी सांगू शकते. समोरच्याला ते पटतेच असे नाही.

मार्च २०२०. एका संध्याकाळी मालकांनी सगळ्यांना बोलावून खाणावळ बंद होत असल्याचे सांगितले. कायम नोकरांना सरकारकडून पगाराचा काही भाग मिळणार होता, पण आमच्यासारख्या महिन्याला (तेव्हाच्या) ४५० युरोच्या मर्यादेतल्या कामगारांचा बेकारी विमा नसतो, त्यामुळे आम्हाला काहीही नव्हते. पोलंडच्या बाईंनी कोठारातले बटाटे आणि कांदे एका खोक्यात भरून माझ्या हातात दिले. ट्रामच्या थांब्यापर्यंत ते खोके नेताना माझ्या हातांना कळ लागली, आणि आता पुढच्या महिन्याचे काय, हा विचार त्या तीन वर्षांत पहिल्यांदा पोटातून वर आला. आठवड्याभरात इकडेही टाळेबंदी लागली. फोनवर सगळ्यांची चौकशी करून झाली आणि माझ्या तोंडून निघाले, "आई, मावशींना पगार दिलास ना?"

आई म्हणाली, "दिला. अर्धा."

मी चिडले. नको ते बोलले. त्या येत नाहीत हा त्यांचा दोष नाही, माझाही नव्हता, असे काहीसे. आईने ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुझ्या बाबांचंही दुकान बंद आहे. तुला पाठवायचे ते कुठून आणू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. माझ्या न्यायबुद्धीचा खर्च वडिलांच्या दुकानातून येत होता. पुढच्या महिन्यात मावशींना किती दिले हे मी विचारले नाही, आणि न विचारण्यामागे भित्रेपणा होता, हे आज कबूल करते. एवढे मात्र खरे, की जर्मनीला जाण्यापूर्वीच्या मला तो प्रश्न सुचलाही नसता. आपल्या पुरवणीने विचारलेल्या प्रश्नाला माझ्यापाशी प्रामाणिक उत्तर असेल तर ते हेच आहे. आत्मविश्वास वगैरे आला असेल, पण तो मी कुठे मोजलेला नाही.

जाऊन बदलून आलेल्या माणसाचे काय करायचे, हा प्रश्न बडोद्याला नवा नाही, आणि आमच्या शहराने त्याचे उत्तर एकदा अतिशय वाईट दिलेले आहे. महाराजांनी १९१३ मध्ये दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले, ही गोष्ट आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकली आहे. ती ऐकताना प्रत्येक बडोदेकराची मान ताठ होते. पण ती गोष्ट आमच्या घरात तिथेच संपत असे. १९१७ मध्ये ते करारानुसार नोकरीसाठी बडोद्यात आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही, लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले, आणि रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले, हा पुढचा भाग मी मोठेपणी स्वतः वाचला. माझ्या चार दिवसांच्या अवघडलेपणाची त्या अपमानाशी तुलना करण्याचा निर्लज्जपणा मी करणार नाही. मुद्दा वेगळा आहे. पाठवणाऱ्याचे दातृत्व आपण सांगतो आणि परत आलेल्याला शहराने कसे वागवले ते गाळतो. कोणते काम कोणी करायचे हे जन्मावरून ठरवणाऱ्या शहरात तेव्हा विद्वत्तेलाही घर मिळाले नाही, आणि आज त्याच शहरातल्या पांढरपेशा घरांना आपल्या मुलीने परदेशात भांडी घासल्याची लाज वाटते, तर या दोन गोष्टींची मुळे वेगवेगळी आहेत असे मला मानता येत नाही.

मी २०२१ च्या शेवटी परत आले. परत आल्यावर काही महिने मी असह्य होते, हेही लिहिले पाहिजे. "तिकडे असं नसतं" हे वाक्य मी दिवसातून इतक्यांदा म्हणत असे की धाकटा भाऊ ते माझ्या आधीच म्हणू लागला. सार्वजनिक बसने जाण्याचा हट्ट केला आणि पावसात दोनदा भिजून सोडला. घरातली भांडी मी घासणार, असे जाहीर केले. आई म्हणाली, "घास की. मग मावशींना काय सांगू, उद्यापासून येऊ नका?" म्हणजे माझे व्यक्तिमत्त्व घडवण्यासाठी एका बाईचा पगार जाणार होता. तो बेत तिथेच राहिला. आता मावशींच्या महिन्याला चार ठरलेल्या सुट्ट्या आहेत आणि दिवाळीला एक पगार जास्त. यासाठी आईशी दोन महिने घासाघीस करावी लागली, आणि शेवटी ती माझ्या युक्तिवादाने नव्हे तर शेजारच्या काकूंनी आधीच तसे केले आहे हे कळल्यामुळे तयार झाली.

मात्र आईला मी जेवढे जुन्या वळणाची समजत होते तेवढी ती नाही, हे मला मावशींकडून कळले. एका सकाळी मी चहा घेत मोरीपाशी उभी होते. मावशी कढई घासत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, "ताई, तिकडे भांडी घासायला मशीन असतं ना? त्यात करपलेलं पण निघतं का?"

मला क्षणभर कळेना. मग मी विचारले, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आईंनीच. तुम्ही गेलात त्याच दिवाळीत. रडत होत्या. मी म्हटलं, त्यात रडायचं काय."

सगळ्या नात्यागोत्याला ग्रंथालय सांगणाऱ्या माझ्या आईने खरे एकाच व्यक्तीला सांगितले होते. मी मावशींना सांगितले की करपलेले यंत्रात निघत नाही, ते हातानेच घासावे लागते, आणि तिकडे त्यासाठी तारेची घासणी वापरतात, पण आपल्याकडच्या राखेइतके चांगले काही नाही. त्या म्हणाल्या, "राख आता कुठे मिळते," आणि कढई उलटी करून ठेवली. माझ्या कामाविषयी बडोद्यात मला कोणी विचारलेला तो पहिला नेमका प्रश्न होता.

हे पत्र लिहिण्यापूर्वी मी आईला वाचून दाखवले. ग्रंथालयाचा भाग काढून टाक, असे ती आधी म्हणाली. मग म्हणाली, "राहू दे, तुझे काका हा पेपर घेतात, त्यांना एकदाचं कळेल." तेव्हा आपल्याला विनंती अशी, की पुढच्या वर्षी अशी पुरवणी काढाल तेव्हा प्रत्येक छायाचित्राखाली विद्यापीठ आणि नोकरी यांच्या जोडीला आणखी एक ओळ असावी: शिकत असताना केलेले काम, आणि तासाचा दर. ज्यांना छापायचे नसेल त्यांनी ती ओळ कोरी ठेवावी, पण जागा सोडलेली असावी. सुरुवातीला कोणी पुढे येणार नसेल तर माझी ओळ आजच घेऊन ठेवा: खाणावळीत भांडी घासणे आणि फरशी पुसणे, माग्डेबुर्ग, नोव्हेंबर २०१८ ते मार्च २०२०, सुरुवातीचा दर ताशी ८ युरो ८४ सेंट.

आपली विश्वासू,
एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे